मोरजी ते पाळोळे: पाण्यावर उतरण्याआधी गोव्याचा वारा कसा वाचावा

जानेवारीतली सकाळ, सव्वाआठची वेळ. आश्व्याचा समुद्र परातीतल्या पाण्यासारखा सपाट होता. पुण्याहून आलेला माझा मावसभाऊ आणि त्याची बायको पॅडलबोर्ड घेऊन उतरले. वारा पाठीमागून, म्हणजे जमिनीकडून येत होता. गार आणि सुखाचा. दहा-बारा मिनिटांत दोघे इतके लांब गेले की हाक पोचेना. आपण झकास वल्हवतोय असे त्यांना वाटत होते, पण ढकलत होता तो वारा. मागे वळल्यावर हे त्यांच्या ध्यानात आले. आता वारा तोंडावर होता आणि किनाऱ्याजवळ माडांचा जो आडोसा होता तो तिथे नव्हता. शेवटी मासे घेऊन परतणाऱ्या एका होडीने त्यांना ओढून आणले. फोनवरच्या अंदाजात त्या सकाळी वाऱ्याचा वेग होता फक्त ८ नॉट.

८ नॉट म्हणजे ताशी जेमतेम १५ किलोमीटर. एवढाच वारा दुपारी समुद्राकडून असता तर त्याने त्यांना आपणहून वाळूवर आणून सोडले असते. तेव्हापासून कोणी मला ‘आज वारा किती?’ असे विचारले की मी आधी ‘कुठून?’ असे विचारतो. काईट (म्हणजे मोठ्या पतंगाने ओढली जाणारी फळी) असो, विंडसर्फिंग, शिडाची होडी, कयाक किंवा पॅडलबोर्ड, गोव्यात पाण्यावर उतरण्याची तयारी या एका प्रश्नापासून सुरू होते. मी ज्या क्रमाने ती करतो त्याच क्रमाने इथे सांगतो.

आधी महिना बघा

जून ते सप्टेंबर हा काळ सोडून द्या. नैर्ऋत्य मोसमी वारा, दोन-तीन मीटरच्या आणि कधी त्याहून मोठ्या लाटा, नद्यांच्या मुखांशी फुटणारे पाणी. या दिवसांत समुद्रातले जलक्रीडा व्यवसाय बंद असतात. यांत्रिक होड्यांच्या मासेमारीलाही १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर जगणारी माणसे जेव्हा होड्या वर ओढून झापांनी झाकतात, तेव्हा पाहुण्याने बोर्ड काढू नये. ६ जून २००० रोजी ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे जहाज मोसमी वाऱ्यात सापडून कांदोळी-सिकेरीच्या वाळूत रुतले आणि पुढची अनेक वर्षे तिथून हलले नाही. लोखंडी जहाजाची ही गत, तर फोमच्या फळीचे काय सांगावे.

ऑक्टोबर फसवा असतो. ऊन पडलेले असते, शॅक उभारणे चालू असते, पण दुपारनंतर गडगडाट आणि समुद्रात उरलेल्या लांब लाटा असतातच. नोव्हेंबर ते जानेवारी हे शिकणाऱ्यांचे आणि वल्हवणाऱ्यांचे महिने. दुपारचा वारा साधारण ८ ते १२ नॉट. फेब्रुवारीपासून तो अंग धरतो आणि मार्च-एप्रिलमध्ये १२ ते १८ नॉट मिळणे नेहमीचे होते. काईट आणि शीडवाले याच दिवसांची वाट बघतात. मे महिन्याचा उत्तरार्ध मी स्वतः टाळतो. १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले ते याच दिवसांत.

दिवसाचे घड्याळ: मतलई आणि खारे

शाळेच्या भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे शिकताना आपण परीक्षेपुरते पाठ करतो. गोव्यात ते रोज डोळ्यांसमोर घडते. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि हवा जमिनीकडून समुद्राकडे वाहते. हे मतलई वारे. दिवसा सडे, म्हणजे उघडी खडकाळ पठारे, आणि वाळू तापतात, वरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा आत येते. हे खारे वारे. शिडाच्या होड्यांच्या काळात कोळी पहाटे मतलईवर बाहेर पडत आणि दुपारी खाऱ्यावर घरी येत. आपला दिवसही त्याच घड्याळावर बसवायचा आहे, फक्त एका फरकाने: त्यांना बाहेर जायचे होते, आपल्याला जायचे नाही.

नोव्हेंबर ते मे या काळातला साधा कोरडा दिवस असा जातो. पहाटेपासून नऊ-साडेनऊपर्यंत पूर्वेचा किंवा ईशान्येचा वारा. डिसेंबर-जानेवारीत तो सह्याद्रीच्या घाटांतून उतरून बराच जोर धरतो, आणि समुद्र सर्वांत सपाट दिसतो तो याच वेळी, कारण किनाऱ्याला लागून लाट उठायला जागाच नसते. सपाट पाणी पाहून नवखा माणूस खूश होतो. मी अशा वेळी माडांच्या शेंड्यांकडे बघतो. झावळ्या समुद्राच्या दिशेने उडत असतील तर पॅडलबोर्ड कंबरभर पाण्याच्या पुढे न्यायचा नाही.

दहा ते साडेअकराच्या आसपास वारा पडतो. धूर सरळ वर जातो, अंगाला घाम येतो. ही मतलई आणि खाऱ्याच्या मधली फट. मग क्षितिजाजवळ पाण्याचा रंग बदलतो. एक गडद निळसर पट्टा दिसतो आणि तो हळूहळू किनाऱ्याकडे सरकतो. तो पट्टा म्हणजे खारा वारा; त्याने पाण्यावर उठवलेल्या बारीक सुरकुत्या लांबून काळसर दिसतात. तो पोचला की पहिल्या झुळकेपासून अर्ध्या-पाऊण तासात वारा स्थिरावतो. फेब्रुवारीनंतर हे दुपारी बाराच्या आत-बाहेर घडते, डिसेंबरात एक-दीड वाजतो. पूर्वेचा वारा सकाळी जितका जोराचा, तितका खाऱ्याला उशीर.

सुरुवातीला वारा पश्चिमेचा असतो. दोन ते पाचच्या दरम्यान वायव्येचा होतो आणि सर्वांत जोरात असतो. पुढे उत्तरेकडे कलत कमी होतो. गोव्याचा किनारा नैर्ऋत्येकडे किंचित तोंड करून असल्याने समुद्राकडे बघत उभे राहिलात तर हा वायव्येचा वारा उजव्या खांद्यावर तिरका लागतो. काईटसाठी याहून चांगली दिशा मागू नये: तो तुम्हाला समुद्रात खेचून नेत नाही आणि वाळूवर आपटतही नाही. त्याची किंमत एवढीच की तुम्ही सतत दक्षिणेकडे सरकत राहता. हे सरकणे लक्षात ठेवा, पुढे त्यावर यायचे आहे.

आज खारा चांगला लागणार की नाही हे सकाळी बऱ्यापैकी ओळखता येते. रात्र गार गेली, आकाश स्वच्छ आहे आणि दहा वाजताच वाळू पायाला चटके देते, तर दुपार नक्की. सकाळपासून ढगांची चादर असेल तर जमीन तापत नाही. वारा मरगळलेला राहतो किंवा नुसता येतो-जातो.

सूर्य कलला की वारा किती झटकन जातो याचा अंदाज मैदानी भागातून आलेल्यांना नसतो. अर्ध्या तासात १४ नॉटचे ५ होतात, काईट आकाशातून पाण्यावर पडतो आणि अंधार होत असतो. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, मेमध्ये सातच्या जरा आधी. त्याच्या पाऊण तास आधी मी पाण्याबाहेर असतो.

पंचांग आणि भरतीचा तक्ता

गोव्यात भरती-ओहोटी दिवसातून दोनदा होते, दोन्ही भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, आणि वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण. तेव्हा पाण्याची चढ-उतार साधारण २ मीटरपर्यंत जाते. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढ-उतार थोडी आणि प्रवाह मवाळ.

कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणून तीन वाजता भरती. हा ठोकताळा मुंबईकडच्या पाण्याला चांगला बसतो. भरती आपल्या किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते, म्हणून गोव्यात ती थोडी आधी लागते. ठोकताळ्याने अंदाज बांधा आणि मुरगावच्या तक्त्यावरून नेमकी वेळ घ्या.

आता दुपारचा वारा आणि हे पाणी एकत्र ठेवून बघा. पौर्णिमेला भरती अकराच्या आसपास पूर्ण होते आणि पाचच्या सुमारास पाणी पुरे सुकते, म्हणजे ओहोटी पूर्ण होते. म्हणजे बारा ते चार, नेमक्या वाऱ्याच्या वेळात, नद्यांचे पाणी समुद्राकडे धावत असते, तेही महिन्यातल्या मोठ्या ओहोट्यांपैकी एकीचे. पाणी सहा तास सारख्या गतीने उतरत नाही. पहिल्या तासात एकूण उताराचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. मधल्या दोन तासांत निम्मे पाणी निघून जाते, आणि पौर्णिमेला हे दोन तास दुपारी एक ते तीन असतात. अष्टमी-नवमीला उलट होते: ओहोटी अकरा-बाराच्या सुमारास संपते आणि दुपारभर पाणी भरत असते, तेही मवाळपणे. नदीच्या मुखाजवळ शिकायचे असेल तर मी विद्यार्थ्याला अष्टमी ते दशमीची तारीख देतो.

हे सगळे सर्वांत जास्त लागू पडते मोरजीला. मोरजीच्या दक्षिण टोकाला शापोरा नदी समुद्राला मिळते. तिथले पाणी सपाट आणि वाळू मोकळी, म्हणून काईटवाले तिथे जमतात. वायव्येचा वारा त्यांना दक्षिणेकडे, म्हणजे थेट नदीच्या मुखाकडे सरकवतो. वाऱ्याच्या विरुद्ध वर जाता न येणारा नवशिका तासाभरात मुखाशी पोचतो आणि तेव्हा पाणी सुकत असेल तर नदी त्याला पकडून बाहेर नेते. समोर शापोऱ्याच्या किल्ल्याखालचे खडक, मध्ये मासेमारी होड्यांचा रस्ता. उपाय साधा आहे. उतरण्याआधी वाळूवर एक खूण ठरवा, मुखापासून निदान पाचशे पावले उत्तरेला. सरकत तिथवर आलात की काहीही झाले तरी बाहेर या आणि काईट खाली घेऊन चालत वर जा. चालायची लाज वाटू देऊ नका. पहिले दोन हंगाम मीही रोज चाललो आहे. आणि चालताना कासवांच्या घरट्यांची कुंपणे सांभाळा. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, तीही याच महिन्यांत.

मांडवीच्या मुखाशी दुसरा प्रकार. तिथे आग्वादचा बार, म्हणजे पाण्याखालचा वाळूचा बांध आहे. ओहोटीचे पाणी पश्चिमेला निघते आणि वायव्येचा वारा त्याच्यावर चाल करून येतो. वारा आणि पाणी समोरासमोर आले की लाट आखूड आणि उभी होते. मिरामारहून बघताना ती पांढरी रेघ दिसते तेवढीच. जवळ गेल्यावर कयाक उभी राहते. भरतीच्या वेळी, वारा आणि पाणी एकाच दिशेने असताना, हाच पट्टा बराच निवांत असतो.

अंदाज कसा वाचावा

अंदाजातला बाण वारा कुठे चालला ते दाखवतो, नाव मात्र तो जिथून येतो त्या दिशेचे. हे उलटे वाचणारे दर हंगामात भेटतात. वेग किलोमीटरमध्ये असेल तर निम्मा करून थोडा वाढवा, नॉट मिळतील. मीटर प्रतिसेकंद असेल तर दुप्पट करा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: १० चे १४ नॉट झाले की शिडावरचा जोर जवळजवळ दुप्पट, २० झाले की चौपट. म्हणून सरासरीपेक्षा झोतांचा आकडा महत्त्वाचा. सरासरी १२ आणि झोत २२ असतील तर मी काईट पिशवीतच ठेवतो.

विंडी किंवा विंडगुरू या हवामानाच्या संकेतस्थळांवरची मॉडेले हवेचे मोठमोठे चौकोन करून हिशेब करतात. तिथले नावाजलेले युरोपी जागतिक मॉडेलही सुमारे ९ किलोमीटरच्या चौकोनावर चालते. त्यात शापोऱ्याची टेकडी, दोनापावल्याजवळचे काबोचे टोक, तापलेला सडा नीट मावत नाहीत, त्यामुळे फेब्रुवारी ते मेमधला खारा वारा अंदाजापेक्षा बहुधा ३-४ नॉट जास्त भरतो. हा माझ्या वहीतला अनुभव आहे. तुम्हीही वही ठेवा: अंदाज किती, प्रत्यक्ष किती, वारा कधी सुटला. एका हंगामात तुमच्या किनाऱ्याचा फरक कळतो.

लाटांच्या अंदाजात उंचीच्या शेजारी सेकंदांचा आकडा असतो. तो दोन लाटांमधला वेळ. ४-५ सेकंद म्हणजे इथल्याच वाऱ्याने उठवलेली लाट, वारा पडला की तीही बसते. १२ ते १८ सेकंद म्हणजे लांबून, बहुधा दक्षिण हिंदी महासागरातून आलेली लाट. उंची १ मीटर असली तरी ती किनाऱ्यावर येऊन उभी राहते आणि जोरात फुटते. इथे निरभ्र आकाश आणि मंद वारा असतानाही ती येते. ३ डिसेंबर २०१७ चे उदाहरण विसरू नये. ओखी चक्रीवादळ शेकडो किलोमीटर दूर होते, पण त्याच्या लाटा आणि पौर्णिमेचे उधाण एकत्र आले आणि उत्तर गोव्यातल्या शॅकमध्ये पाणी शिरले. अशा लाटांचे इशारे हैदराबादची इन्कॉइस ही संस्था देते. ते रोज बघा. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशाराही वाचा. त्यात ताशी ४०-५० किलोमीटर वारा आणि ६० पर्यंत झोत असे लिहिले असेल, किंवा बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला असेल, तर पुढचा लेख वाचायची गरज नाही, घरी बसा.

एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये आणखी एक काम वाढते. दुपारी सह्याद्रीवर ढगांचे मनोरे चढतात आणि संध्याकाळी वळीव खाली उतरतो. पाऊस येण्याआधी त्याच्या पोटातली गार हवा जमिनीवर आपटून पुढे धावते. गोव्यात ती पूर्वेकडून येते. म्हणजे वायव्येचा छान वारा चालू असतो, मग अचानक पडतो, दोन मिनिटे सगळे थांबते आणि पाठीमागून ३० नॉटचा झोत समुद्राकडे सुटतो. म्हणून या महिन्यांत समुद्राकडे बघताना दर दहा मिनिटांनी मान वळवून डोंगराकडे बघायचे. ढगाचा तळ काळा झाला, वरचा भाग ऐरणीसारखा पसरला की बाहेर या. पणजीच्या हवामान केंद्राच्या रडारचे चित्र आणि विजांसाठीचे दामिनी अॅप किनाऱ्यावरच्या माणसाच्या हातात उघडे असू द्या. वीज चमकल्यापासून गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला तर ती १० किलोमीटरच्या आत आहे. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे पाण्यात जायचे नाही. ओल्या दोऱ्या आणि डोलकाठी हातात धरून विजेशी वाद घालता येत नाही.

वाळूवर वीस मिनिटे

पोचल्या पोचल्या सामान सोडू नका. वीस मिनिटे नुसते बघा; लांबच्या लाटा घोळक्याने येतात आणि दोन घोळक्यांमध्ये पंधरा मिनिटेही जातात. तुरळक पांढरे शेंडे दिसू लागले की वारा ८-१० नॉट, सगळीकडे दिसले की १२ च्या वर. वल्हवणाऱ्याने तुरळकवरच थांबावे; काईटवाल्याचा दिवस सगळीकडे दिसले की सुरू होतो.

लाटा फुटत असताना मध्येच एखादी पट्टी शांत आणि गढूळ दिसत असेल, फेस तिथून बाहेर चालला असेल, तर तो परतीचा प्रवाह आहे. बागाच्या खाडीजवळ आणि खडकांच्या कडेला तो हमखास असतो आणि ओहोटीला जोर धरतो. जीवरक्षकांचा लाल बावटा असेल तिथे पोहायचे नाही. लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधला भाग पोहणाऱ्यांचा, तिथे बोर्ड न्यायचा नाही. आणि जाळे विणत बसलेल्या एखाद्या रापणकाराला विचारा, ‘काका, आज दर्या कसो?’ तो दोन शब्दांत सांगेल.

जागा निवडताना

हरमल आणि मांद्रे वायव्येला उघडे आहेत, वारा स्वच्छ मिळतो. दोनापावला आणि बांबोळीच्या बाजूला जुवारीचे पाणी काबोच्या टोकाआड असल्याने लाट लहान. शीड आणि विंडसर्फिंग शिकायला बरे, पण टेकडीवरून उतरणारा वारा किनाऱ्याजवळ तुटक असतो आणि आत गेल्यावर एकदम वाढतो. कोलव्यापासून मोबोरपर्यंत सरळ लांब वाळू. सरकलात तरी खडक नाही, हीच तिची जमेची बाजू.

पाळोळ्याला उत्तरेच्या काणकोण बेटाचा आणि डोंगराचा आडोसा आहे, म्हणून खाडीत दुपारीही कयाक चालते. फसगत होते ती बटरफ्लाय किनाऱ्याच्या वाटेवर. तिथे जायला उत्तरेचे टोक वळसा घालून ओलांडावे लागते आणि टोकापलीकडे आडोसा नाही. सात वाजता निघा आणि दहाला परतीला लागा. सकाळी खडकांना धरून वल्हवा, कारण डोंगरावरून उतरणारा मतलई तुम्हाला बाहेर ढकलतो.

वारा कुठेच जमत नसेल तर नेरूळची खाडी किंवा साळ नदी आहे. तिथे वाऱ्याआधी तक्ता बघा, नाहीतर सुकतीला चिखलात बसाल. कुंभारजुव्याच्या कालव्यात मात्र मगरी आहेत; तिथे बोर्डवर उभे राहायला जाऊ नका.

पाण्यात बिघडले तर

वारा बाहेर ढकलतोय हे कळताच बोर्डवर पोटावर झोपा. उभे शरीर शिडासारखे वागते. किनाऱ्याच्या सरळ रेषेत न झगडता तिरके, जवळच्या टोकाच्या आडोशाकडे वल्हवा. बोर्ड किंवा कयाक कोणत्याही परिस्थितीत सोडू नका, लांबून डोके दिसत नाही पण बोर्ड दिसतो. फ्लोटिंग जॅकेट अंगात, शिट्टी गळ्यात, फोन पाणबंद पिशवीत.

किनाऱ्यावर एक माणूस ठेवा जो फोनमध्ये डोके घालून बसणार नाही. त्याला तीन गोष्टी सांगून उतरा: किती वाजता परत येणार, कुठल्या खुणेच्या पलीकडे जाणार नाही, आणि ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांत दिसला नाहीत तर काय करायचे. आधी जीवरक्षकाच्या मनोऱ्याकडे धावायचे, मग तटरक्षक दलाचा १५५४ किंवा ११२ लावायचा. फोनवर ‘आम्ही बीचवर आहोत’ एवढे सांगून भागत नाही. शेवटचे कुठे दिसले, बोर्डचा रंग कोणता, वारा कुठून आहे आणि पाणी भरते आहे की सुकते आहे, हे सांगायचे. शोधायला निघणारी होडी त्यावरूनच आपली दिशा धरते.